यंत्रनीतीच्या लेखाची पारख

"हा लेख चांगला की टाकाऊ, ते मला कळलंच पाहिजे!" राजा रणधवलाने सिंहासनावर मूठ आपटली.

लेखाचं नाव 'यंत्रनीती'. मंदारगडच्या दरबारात ज्ञानकोश तयार होत होता. यंत्रं कशी वापरावीत, त्यात न्याय कोणता नि अन्याय कोणता, हे सांगणारा हा लेख त्र्यंबकशास्त्र्यांनी चांगला चौऱ्याऐंशी पानांचा लिहिला होता. लेख मान्य झाला की त्याच्या आधारावर राजा चाळीस गावांत भात कांडायची यंत्रं बसवणार होता. पाण्याच्या जोरावर चालणारं तसलं पहिलं यंत्र वडघरच्या नदीकाठी धडधडत होतंच.

पण पारख करायची कोणी? दरबारातले निम्मे पंडित शास्त्रीबुवांचे शिष्य. ते पहिलं पान उघडायच्या आत "वा वा!" म्हणाले. उरलेले त्यांचे वैरी. ते पोथीचं फडकं सोडायच्या आत "छी छी!" म्हणाले. प्रधानजींनी मात्र प्रामाणिकपणे वाचायला घेतला आणि नवव्या पानावर डोकं टेकून ते झोपी गेले. शाई दोन दिवस कपाळावरून निघाली नाही.

राजा हट्टाला पेटला. त्याने दवंडी पिटवली: "पारख करणाऱ्याने लेख चांगला म्हणायचा नाही, ते शिष्य म्हणतातच! वाईट म्हणायचा नाही, ते वैरी म्हणतातच! स्वतः वाचायचा नाही, झोप लागते! आणि न वाचता निकाल द्यायचा नाही, तो अन्याय होईल! जमलं तर मागाल ते बक्षीस. नाही जमलं तर अख्खा लेख शंभर वेळा उतरवून काढायचा!"

शिक्षा ऐकताच राजधानीतल्या विद्वानांपैकी कुणाला ताप भरला, कुणाला काशीयात्रा आठवली.

तिसऱ्या दिवशी दरबारात हौसा उभी राहिली. वडघरची, भात कांडणारी. तिच्या जावेची, गोदाची, दोन बोटं त्या यंत्राखाली गेली होती. हौसा तक्रार घेऊन कारभाऱ्याकडे गेली, तर तो म्हणाला होता, "कोशात काय ठरतंय ते बघू, मग बोलू."

"बाई, तुला वाचता येतं?" राजाने विचारलं.

"नाही, महाराज."

"मग पारख कशी करणार?"

"वाचता येणाऱ्यांनी तरी कुठं केली?"

दरबार खो खो हसला. प्रधानजींनी कपाळावरून हात फिरवला.

"लेख शास्त्रीबुवांनी स्वतः वाचावा, मी ऐकते," हौसा म्हणाली. "म्हणजे मी वाचला असं होणार नाही, आणि न वाचता निकाल दिला असंही होणार नाही. पण वाचायचा तो वडघरला, यंत्राशेजारी. लेख त्याच्यावरच आहे, त्यालाही ऐकू दे की!"

राजाला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळा दरबार वडघरला येऊन बसला. यंत्राची मुसळं वर जात होती, धाडकन उखळात पडत होती. पायाखालची जमीन हादरत होती. शास्त्रीबुवांनी शाल सावरली आणि सुरुवात केली.

"यंत्रे ही प्रजेस अत्यंत हितकर होत, असे थोर विद्वानांचे मत आहे."

"कुणाचं?" हौसाने विचारलं.

"आमच्या नारायणभटांचं!"

नारायणभट घाईघाईने उठून म्हणाले, "हो, हो! मी ते आपल्याच लेखात वाचलं, शास्त्रीबुवा!"

"म्हणजे यांना तुम्ही विचारलंत, आणि तुम्हाला यांनी!" हौसा म्हणाली. "बाहेरचं कुणी भेटलंच नाही वाटतं?"

राजाच्या मिशा हलल्या. "पुढे वाचा!"

एक्केचाळिसाव्या पानावर वाक्य आलं: "कांडणयंत्र सर्वथा निर्धोक आहे. अपघात घडलाच, तर तो काम करणाराच्या वेंधळेपणामुळे घडतो."

बायकांच्या घोळक्यात गोदाने हात पदराखाली घेतला. हौसाने ते पाहिलं आणि ती उठली.

"शास्त्रीबुवा, हेच वाक्य पुन्हा वाचा. वाचता वाचता डाव्या हाताने उखळातलं भात खालीवर करा. आम्ही दिवसभर तेच करतो."

"मी? मला... मला सवय नाही."

"सवय कशाला हवी? निर्धोक आहे ना? आणि तुम्ही काही वेंधळे नाही!"

सगळे टक लावून बघायला लागले. शास्त्रीबुवांनी हात पुढे केला. धाड! हात कोपरापर्यंत शालीत गेला. त्यांनी श्वास रोखला, पुन्हा हात पुढे केला. धाड! आता दोन्ही हात शालीत!

"लेखणी!" ते ओरडले. "लेखणी आणा आधी!"

त्यांनी ते वाक्य खोडलं. मग मागचं खोडलं, पुढचं खोडलं. खोडता खोडता अकरा पानं गेली.

"पण बाई, तुझा निकाल राहिलाच," राजा म्हणाला.

"मी काय बोलणार, महाराज? चांगला म्हणायचा नाही, वाईट म्हणायचा नाही, अशी तुमची आज्ञा. मी एवढंच बघितलं की शास्त्रीबुवांनी लिहिलेल्यावर शास्त्रीबुवांच्या हाताचाच विश्वास नाही!"

राजा इतका हसला, इतका हसला, की पागोटं सुटून खांद्यावर आलं. शेवटी डोळे पुसत तो म्हणाला, "माग, काय हवं ते माग!"

"उखळापुढे आडवी फळी बसेपर्यंत आणि भात ढवळायला लांब दांडा मिळेपर्यंत यंत्र बंद राहू दे. आणि लेखात आम्हा कांडणाऱ्या बायकांना विचारून लिहू दे."

"दिलं! गोदाला जन्मभर राजवाड्याचा शिधा. आणि यापुढे कोशातला प्रत्येक लेख आधी हौसाबाईंपुढे वाचायचा! बोला, पुढचा लेख कुणाचा?"

प्रधानजींनी यादी पाहिली. "महादेवभटांचा, महाराज. 'नागाचे विष उतरवण्याचे सोपे उपाय'."

सगळ्यांनी वळून पाहिलं. महादेवभट पोथी काखेत मारून केव्हाच नदीपलीकडे पोचले होते!