शेवटची दिसली वडाच्या वळणावर

“मग चूक कुणाची, बाबा?”

इंद्रजितने डबा मठाच्या पारावर, केवळनाथबाबांच्या पुढ्यात ठेवला आणि तसाच उभा राहिला. ‘आदेश’ म्हणून नाथपंथी नमस्कार करायचंही त्याला सुचलं नाही.

डबा साधाच होता. पोरं शाळेत नेतात तसला, प्लॅस्टिकचा, निळ्या झाकणाचा. आत मात्र इंद्रजितचा अख्खा पावसाळा भरलेला होता. एक इवलासा मायक्रोकंट्रोलर, जागा ओळखणारं जीपीएसचं यंत्र, मेसेज धाडायला सिमकार्ड, आणि डाग देऊन जोडलेल्या वायरींचा गुंता.

खोऱ्यातल्या वाड्यांनी मिळून आजाऱ्यांसाठी एक जीप ठेवली आहे. तिच्या टपावर हा डबा बसवलेला होता. काल वरच्या वाडीच्या आबा पवारांनी तो स्वतःच्या हाताने उपटला आणि इंद्रजितच्या अंगणात आणून टाकला. वर चार शब्दही सुनावले. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

बाबा डब्याकडे बघत राहिले.

“बस,” ते म्हणाले.

इंद्रजित पारावर बसला. समोर दरी होती. दरीपलीकडे खिंडीच्या तोंडावरचा काळा कातळ उन्हात चकाकत होता.

“काय झालं ते सांग.”

“तुम्हाला ठाऊकच आहे, बाबा.”

“तू सांग.”

वरच्या वाडीला रस्ता नाही. आजाऱ्याला झोळीत घालून खाली आणायचं. मधल्या फाट्यावर वाट दुभंगते. एक वाट वडाच्या वळणावर उतरते, दुसरी खिंडीत. जीप ज्या अंगाला असेल ती वाट धरायची. चुकीची धरली, तर झोळी खांद्यावर घेऊन पुन्हा डोंगर चढायचा. हणमंता ड्रायव्हरला फोन करून विचारावं, तर त्याचा फोन बहुधा घरी चार्जिंगला लावलेला असे.

म्हणून इंद्रजितने डबा केला. वाडीतून कुणीही डब्याला मेसेज करायचा, आणि जीप कुठे आहे ते डबा उलट कळवणार. खोऱ्यातल्या जागांची नावंसुद्धा त्याने डब्याला शिकवली होती. सगळं खोरं खूश होतं. इंद्रजितचे तर पाय जमिनीवर ठरत नव्हते.

मग वरच्या वाडीतल्या धोंडूतात्यांना लाल विंचू चावला.

“डबा म्हणाला, वडाच्या वळणावर,” इंद्रजित म्हणाला. “माणसं झोळी घेऊन वडाखाली उतरली. जीप नव्हती. थांबली बिचारी. परत विचारलं, डबा पुन्हा म्हणाला, वडाच्या वळणावर… आणि जीप खिंडीत उभी होती. पंक्चर होऊन.”

“तात्या?”

“वाचले. पण वाचले एवढंच. अजून उठून बसता येत नाही.”

बाबांनी मान हलवली.

“चूक कुणाची, विचारत होतास.”

“खिंडीची,” इंद्रजित ताडकन म्हणाला. “दोन्ही बाजूंनी कडे, वरून झाडी. डब्याला आभाळच दिसत नाही. त्यात यंत्र स्वस्तातलं. आणि हणमंताची चूक, पंक्चर झालं तर चालत येऊन सांगायला काय झालं होतं? आणि…”

“बरीच आहेत.”

इंद्रजितने डबा स्वतःकडे ओढला. मग आवाज उतरवून म्हणाला, “बाबा, वत्सलाताईचे दिवस भरलेत.”

वत्सला त्याची थोरली बहीण. वरच्या वाडीत दिलेली, आबा पवारांचीच सून. म्हणजे डबा उपटणाऱ्या माणसाच्या घरातच इंद्रजितचा जीव अडकलेला.

“संध्याकाळी माणसं इथे मठात जमणार आहेत. तुम्ही एक शब्द टाका. डबा पुन्हा बसवू द्या म्हणा. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही.”

वारा सुटला होता. मठामागे कुठेतरी पातेलं वाजलं…

“ढवळी कुठे आहे रे?” बाबांनी एकदम विचारलं.

“गाय?… खाली पाण्याच्या टाक्यावर.”

इंद्रजितला उत्तराची घाई पहिल्यापासून. शाळेत गुरुजींचा प्रश्न संपायच्या आत याचा हात वर. खोऱ्यातला पहिला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा त्याचा. ‘ठाऊक नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून निघालेले कुणाच्या ऐकिवात नव्हते. त्याच्या आईच्यासुद्धा.

बाबांनी धारेची चरवी उचलली, काठी घेतली आणि टाक्याच्या पायऱ्या उतरू लागले. गुडघा दुखरा. एकेक पायरी थांबून थांबून. इंद्रजित बघत बसला.

बऱ्याच वेळाने बाबा वर आले. चरवी रिकामीच.

“नाही तिथे.”

“मी आलो तेव्हा होती, बाबा.”

“होती.”

बाबा टेकले. धाप लागली होती. ती ओसरल्यावर पुन्हा म्हणाले, “ढवळी कुठे आहे?”

“मग कारवीत शिरली असेल. तिकडेच असणार.”

बाबांनी पुन्हा चरवी उचलली. पुन्हा काठी. कारवीचं रान टाक्याच्याही खाली होतं. दोन पायऱ्या ते उतरलेही.

इंद्रजितने धावत जाऊन त्यांचा हात धरला.

“थांबा, बाबा… थांबा.”

बाबा थांबले.

“मला…” इंद्रजितने त्यांच्या हातातून चरवी काढून घेतली. “मला ठाऊक नाही ती कुठे आहे.”

“हां,” बाबा म्हणाले. “मग तूही चल.”

ढवळी मठामागे सापडली. बाबांचा वाळत घातलेला पंचा ती निवांत चघळत होती. अर्धा पोटात गेलेला होता. बाबांनी उरलेला अर्धा ओढून काढला, झटकला आणि खांद्यावर टाकला.

मग ते पुन्हा डब्यापाशी येऊन बसले.

“हा वरच्या उपग्रहांशी बोलतो, असं लोक म्हणतात.”

“नाही, बाबा. बोलत नाही. नुसतं ऐकतो. वरून चार-पाच जणांचं ऐकू आलं, की त्यावरून आपली जागा ओळखतो.”

“नुसतं ऐकतो?”

“नुसतं.”

“आणि ऐकू आलंच नाही, तर?”

इंद्रजित उत्तर द्यायला गेला आणि अडखळला.

“तर… शेवटची जी जागा कळली होती, ती सांगतो.”

“शेवटची आहे असं सांगतो?”

“…नाही.”

“हे त्याला कुणी शिकवलं?”

दरीतून घार वर आली, कातळावरून वळली, दिसेनाशी झाली. इंद्रजितने तिच्याकडे बघून घेतलं. बाबांकडे बघवत नव्हतं.

“मीच,” तो म्हणाला. “पहिल्या दिवशी डबा सगळ्यांना दाखवायला काढला होता. ऐकू आलं नाही की यंत्र शून्य-शून्य आकडे देतं. नकाशात ती जागा निघते पार आफ्रिकेजवळ, भर समुद्रात. सगळी वाडी हसली. आबा म्हणाले, इंद्रा, जीपला पवायला कवा शिकवलंस?… घरी येऊन मी त्याच दिवशी प्रोग्रॅम बदलला. म्हटलं, पुन्हा कुणी हसायला नको.”

“मग हसलं कुणी?”

“नाही, बाबा. पुन्हा कुणी नाही हसलं.”

एवढं बोलून त्याने डोळे पुसले. वारा होताच, धूळ गेली असं म्हणायची सोय होती. पण तो तसं म्हणाला नाही.

बाबा उठले आणि गाईला बांधायला गेले.

इंद्रजितने पिशवीतून लॅपटॉप काढला. चार ओळी खोडल्या, सहा नव्या लिहिल्या. मग डबा घेऊन तो मठातल्या भैरवनाथाच्या गाभाऱ्यात गेला. दगडी छत, वर शिखर, आभाळाचा कवडसासुद्धा नाही. आजवर या डब्याला असल्या जागी न्यायचं त्याने कटाक्षाने टाळलं होतं. देवापुढे डबा ठेवला, वाट पाहिली आणि मोबाइलवरून विचारलं.

मोबाइल वाजला. *ठाऊक नाही. शेवटची दिसली: मठाच्या पारावर. त्याला थोडा वेळ झाला.*

बाबा दारात उभे होते. त्यांनी वाकून ते वाचलं, आणि पहिल्यांदाच हसले.

संध्याकाळी माणसं जमली. धोंडूतात्यांचा मुलगा आला. हणमंता आला आणि खाली मान घालून कडेला बसला. आबा पवार सगळ्यांत शेवटी आले आणि सगळ्यांत पुढे बसले.

“बोल,” आबा म्हणाले. “आता तरी हमखास सांगंल का त्यो, गाडी कुठं हाय ती?”

इंद्रजितने बाबांकडे पाहिलं. बाबा वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही. शब्द टाकणं तर लांबच.

“नाही, आबा,” इंद्रजित म्हणाला. “हमखास नाही. खिंडीत त्याला कळत नाही. दाट झाडीत कळत नाही. आधीही कळत नव्हतं. ते मी तुमच्यापासून लपवलं, माझं हसं होऊ नये म्हणून. तात्यांचे हाल माझ्यापायी झाले.”

तात्यांचा मुलगा त्याच्याकडे बघत राहिला. फार वेळ…

“आता कळलं नाही, तर तो तसं सांगेल. ठाऊक नाही, म्हणेल.”

“ठाऊक न्हाई म्हनायला मिशीन कशाला पायजे?” आबा कडाडले. “ते आमी बी म्हनतो की! आन तवा आमी करायचं काय?”

इंद्रजितने तोंड उघडलं. उत्तर जिभेवर आलंही असेल, सवयच तशी. पण त्याने ते गिळलं.

“मला ठाऊक नाही, आबा. वाटा तुम्ही जन्मभर तुडवल्यात. तुम्हीच सांगा.”

मग मागून हणमंता हळूच म्हणाला, “डबा ठाऊक न्हाई म्हनला, तर निम्म्या वेळेला मी खिंडीतच असनार की.”

“आन निम्म्या वेळेला नसनार,” तात्यांचा मुलगा म्हणाला. “मग झोळी फाट्यावर थांबवायची. एक गडी वडाकडं, एक खिंडीकडं. ज्याला गाडी घावंल त्यानं खूण करायची.”

“वरडून ऐकू येत न्हाई तिथनं.”

“वरडतंय कोन? खिंडीच्या कातळावनं फडकं हलवलं तर फाट्यावरनं सपष्ट दिसतंय.”

“लाल पायजे. पांढरं धुक्यात दिसायचं न्हाई.”

“आन वडाकडनं?”

बघता बघता सगळे एकदम बोलायला लागले. कोण कुठे पळणार, फडकी कुठे ठेवायची, हणमंताने गाडी बंद पडली की काय करायचं. हणमंताने फोन खिशात ठेवायची भैरवनाथाची शपथ घेतली. इंद्रजित मध्ये बसून ऐकत होता. असं नुसतं ऐकत तो याआधी कधी बसला असेल, असं वाटत नाही.

उठताना आबांनी डबा उचलला, झाकण दाबून पाहिलं आणि हणमंताच्या हातात दिला.

“बशीव,” ते म्हणाले. “आन खिंडीकडं मी जानार. त्या वाटंला माझ्याम्होरं कुनी पळत न्हाई.”

हे काही खरं नव्हतं. आबांनी सत्तरी ओलांडली होती. पण त्यांच्याशी वाद कोण घालणार?

त्याच आठवड्यात, एका सकाळी, वत्सलाला कळा सुरू झाल्या. खोऱ्यात धुकं दाटलं होतं. इंद्रजित वरच्या वाडीतच मुक्कामाला होता. त्याने डब्याला विचारलं.

*ठाऊक नाही. शेवटची दिसली: वडाच्या वळणावर. त्याला बराच वेळ झाला.*

तेच वळण. जुना डबा असता, तर झोळी सरळ वडाखाली उतरली असती आणि तिथेच बसून राहिली असती.

झोळी फाट्यावर थांबली. तात्यांचा मुलगा वडाकडे सुटला. आबांनी घरून निघताना चपला घालण्यातही वेळ घालवला नव्हता. त्यांनी धोतराचा काष्टा खोचला आणि खिंडीची वाट धरली. फाट्यावर सगळे धुक्याकडे डोळे लावून उभे. वत्सला दात आवळून कण्हत होती. इंद्रजितने तिचा हात धरला होता. सांगण्यासारखं त्याच्याजवळ काहीच नव्हतं, आणि तो ते तसंच राहू देत होता…

मग धुक्यात, कातळावर, काहीतरी लाल हाललं.

“खिंड!” सगळे ओरडले. झोळी खिंडीच्या वाटेने निघाली.

दोन दिवसांनी इंद्रजित मठात आला. हातात पुडा होता. मुलीची जिलेबी, मुलाचे पेढे अशी खोऱ्यातली रीत. मुलगी झाली होती आणि आबांनी हट्टाने पेढे वाटायला लावले होते. आबांचे दोन्ही पाय काट्यांनी फाटले होते. तेही आबा येईल त्याला पुढे करून दाखवत होते.

इंद्रजितने आदेश केला. बाबांच्या पायाशी बसला. समोर कातळ होता, ऊन पडलं होतं.

बाबांनी पेढा तोंडात टाकला.

“बाबा,” इंद्रजित हसत म्हणाला, “एक विचारू? तुम्ही इतकी वर्षं इथे बसून शोधताय. देव कुठे आहे?”

बाबांनी पेढा सावकाश संपवला. बोटं पंचाच्या उरलेल्या अर्ध्याला पुसली.

“ठाऊक नाही,” ते म्हणाले. “शेवटचा दिसला त्या कातळावर… परवा सकाळी. अनवाणी होता, आणि लाल फडकं हलवत होता.”