कोंड्याचे पोते

एकदा एका धान्याच्या व्यापाऱ्याचे उजवे अंग अचानक लुळे पडले. जीव वाचला, पण आठवडाभरात खोकला लागला, ताप चढला, पाठीला जखम झाली, लघवीला जळजळ सुरू झाली. शेवटी तर त्याला बायकोही ओळखू येईना.

म्हाताऱ्या वैद्यांनी शिष्याला पुढे पाठवले होते. त्याने दुखणी मोजली, पाच पुड्या बांधल्या आणि गुरू येताच ऐटीत पुढे मांडल्या.

वैद्यांनी पुड्यांकडे पाहिलेच नाही. शेठ ओसरीवर उताणे निजले होते. शेठाणी मायेने त्यांच्या तोंडात पळीपळीने पातळ पेज सोडत होती. दर पळीला ठसका.

"बाई, वखारीतून कोंड्याचे पोते आणवा."

"मी औषध मागतेय, वैद्यबुवा! कोंडा काय, म्हशीला घालायचाय?"

शिष्य शरमला. पोते आले. वैद्यांनी शेठना त्याला टेकवून नीट बसवले. मग शिष्याला म्हणाले, "आता तू नीज उताणा. पाणी पी."

पहिल्याच घोटाला शिष्याला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आले.

"तुझा घसा धडधाकट, तरी ही गत! यांचा अर्धा घसा हाताबरोबर गेलाय. पेज छातीत उतरते. त्यातून खोकला, ताप. तापाने गळालेला माणूस कूस बदलत नाही, म्हणून पाठ सोलली. ठसक्याच्या धास्तीने पाणी सोडले, म्हणून जळजळ. ताप आणि तहान, त्यात भान गेले. तू पाच दुखणी वेगळी मोजलीस."

"मग पुड्या?"

"तापाची दे, जखमेला लेप लाव. पण आधी घासाची वाट सुधार. नाहीतर तुझी पुडीही त्याच वाटेने छातीत जाईल."

शेठाणीच्या हातातली पळी थांबली. "म्हणजे मीच त्यांना..."

"तुम्ही जीव लावून भरवलंत, बाई. आता बसवून भरवा. पेज दाट करा, घास लहान. आणि दर दोन तासांनी कूस बदला."

लुळा हात काही परत आला नाही. पण दहाव्या दिवशी शेठनी बायकोकडे रोखून पाहिले आणि बोबड्या जिभेने दटावले, "मीठ कमी आहे." ती पदर तोंडाला लावून रडली.

वैद्य जाऊन आता किती वर्षे लोटली. शिष्यही म्हातारा झाला. अजून कोंड्याचा वास आला की त्याला ती ओसरी आठवते. आजही अशा रोग्याच्या घरी गेला की नाडीला हात लावण्याआधी तो विचारतो, "भरवतं कोण? आणि कसं?"

दुखणी मोजण्याआधी, कोण कुणाचे बोट धरून आले ते पाहावे.