लाल रंगाची खूण

फार फार वर्षांपूर्वी एक राज्य होतं. किती वर्षांपूर्वी ते मला विचारू नका. माझ्या आजीलाही ते ठाऊक नव्हतं, आणि तिला विचारायची माझी छाती नव्हती.

त्या राज्यात प्रत्येक गावाच्या वेशीवर एक काळीभोर, गुळगुळीत शिळा उभी होती. तिला सगळे सांगती शिळा म्हणत. घरात बसून आपल्या पाटीवर काही लिहिलं, की ते पांढऱ्या अक्षरांत शिळेवर उमटे. एका गावच्या शिळेवर नव्हे, राज्यातल्या सगळ्या शिळांवर, त्याच क्षणी. कुणी बारशाचं आमंत्रण लिही, कुणी हरवलेल्या शेळीचा ठावठिकाणा विचारी, कुणी उगाचच आपण आज काय जेवलो ते सांगे. नवा मजकूर जुन्याच्या खाली येई. येणारा-जाणारा वेशीवर क्षणभर थांबे, वरपासून खालपर्यंत नजर टाकी आणि आपल्या वाटेला लागे. शिळा आल्यापासून दवंडी पिटायची पद्धतही बंद झाली होती. दवंडीवाल्याचा ढोल त्याच्या घरात धान्य ठेवायच्या कामी आला होता.

नदीकाठच्या एका गावात एक लोणचेवाली राहत होती. नवरा गाडीवान. दारात बैलांची जोडी होती, आणि त्यातला कपाळावर पांढरा ठिपका असलेला चांद्या हा तिचा विशेष लाडका. जन्मला तेव्हा त्याची आई गेली होती. लोणचेवालीने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून त्याला जगवलं होतं. एवढा मोठा बैल झाला तरी ती दिसली की तो मान पुढे करून उभा राही.

बाईच्या हाताला चव होती आणि स्वभावात कंजुषी नव्हती. आपल्याला येतं ते सगळ्यांना यावं, म्हणून ती लोणच्यांच्या कृती शिळेवर लिही. पण कशी लिही? एका दमात! फोडी, मीठ, हळद, मोहरी, तेल, सगळं एकापाठोपाठ एक, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. लोक पहिल्या ओळीवर नजर टाकत आणि पुढे जात.

एके दिवशी शेजारीण बरणी घेऊन आली.

"वहिनी, तुमचं वाचून कैरीचं लोणचं घातलं. बघा तरी काय झालंय!"

फोडींचा पार लगदा झाला होता. लोणचेवालीने वास घेतला आणि कपाळावर हात मारला.

"अगं, तेल गरम असतानाच ओतलंस? गार करून ओतायचं म्हणून लिहिलं होतं ना मी!"

"लिहिलं असेल हो. पण त्या गर्दीत सापडायला नको?"

शेजारीण गेली. लोणचेवालीला मात्र अन्न गोड लागेना. लिहूनही न लिहिल्यासारखंच झालं, याचं तिला फार वाईट वाटलं. त्याच गावात मिठाईवाल्याचा मजकूर शिळेवर कसा नवरदेवासारखा सजून यायचा. मोठा मथळा, सुटसुटीत ओळी, कडेला वेलबुट्टी. तिनेही हे शिकायचं ठरवलं.

शिळेची देखभाल एक म्हातारी करत असे. शिळेला कळणाऱ्या सगळ्या खुणा तिला येत होत्या. लोणचेवाली तिच्याकडे गेली.

"आजी, मला माझा मजकूर सजवायला शिकवा."

"सजवायला नंतर," म्हातारी म्हणाली. "आधी मांडायला शीक. शिळा आज्ञाधारक आहे, पण तिला अक्कल नाही. मथळा कुठला, परिच्छेद कुठला, यादी कुठली, हे आपण सांगावं लागतं."

मग तिने पाटीवर खूण काढून दाखवली. दोन टोकदार चोची, एक डावीकडे बघणारी, एक उजवीकडे, आणि मध्ये खुणेचं नाव. ही उघडायची खूण. मिटवायची खूणही तशीच, फक्त नावाआधी एक तिरकी रेघ. दोन्हींच्या मध्ये जे लिहाल त्याला ती खूण लागू होई. ठळकाची खूण उघडली की अक्षरं ठळक, मिटवली की पुन्हा साधी.

"आणि पोशाख?" लोणचेवालीला धीर नव्हता.

"पोशाख पाटीच्या माथ्यावर एकदाच सांगायचा. माझे मथळे मोठे, माझी मापं ठळक, माझ्या ओळींत एवढं अंतर. मग शिळा सगळीकडे तसंच करते. प्रत्येक ओळीला वेगळा अंगरखा शिवत बसशील तर लोणचं घालणार कधी?"

लोणचेवाली हसली.

"आता माझ्या दोन गोष्टी ऐक," म्हातारी गंभीर होऊन म्हणाली. "खूण उघडलीस की लगेच मिटवायची खूण लिहून टाक. मजकूर मग मध्ये भर. मिटवायची राहिली, तर शिळा थांबत नाही. तुझा मजकूर संपला तरी तुझी खूण खालच्या लोकांच्या मजकुरावर चालूच राहते. दुसरं म्हणजे, लाल रंग. तो वापरायला मनाई नाही. पण आपल्या राज्यात लोक तो धोक्यासाठी राखून ठेवतात. लाल दिसलं की माणूस थांबतो आणि वाचतो. तेवढं सांभाळ."

लोणचेवालीने मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

पण बाई हुशार होती, हे कबूल करायला हवं. थोड्याच दिवसांत तिचा मजकूर ओळखू येईनासा झाला. वर मथळा, खाली जिन्नसांची यादी, मापं ठळक, कृती एकेका टप्प्याने. 'तेल पूर्ण गार करून ओता' हे तेवढं जाड अक्षरांत. गावोगावी लोणची जमू लागली. शेजारणीची बरणी तर अशी जमली, की ती लोणचेवालीलाच चव दाखवायला आली. लोणचेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला हवं होतं ते मिळालं होतं.

इथे थांबली असती तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

आता लोक तिच्या लोणच्याइतकंच तिच्या अक्षरांचंही कौतुक करू लागले. 'काय सुरेख मांडता हो तुम्ही!' हे वाक्य तिला लोणच्याहून चवदार लागू लागलं. मथळे हिरवे झाले. मग सोनेरी झाले. मग त्यांना सावली आली. कडेची वेलबुट्टी एवढी वाढली, की मोहरी किती घ्यायची ते पानांच्या मागे गेलं. मिठाईवाला चिडला आणि त्यानेही रंग वाढवले, तेव्हा तिला आणखी चेव आला.

म्हातारीने एकदा हटकलं. "काय गं, लोणचं मांडतेस की रांगोळी?"

"लोकांना आवडतं, आजी," लोणचेवाली म्हणाली, आणि विषय बदलला.

पुढे म्हातारी काही दिवसांसाठी लेकीकडे गेली. त्याच सुमारास लोणचेवालीने भरल्या मिरच्यांचं लोणचं घातलं. लालबुंद मिरच्या, मोहरीचा मसाला, बरणीकडे बघूनच तोंडाला पाणी सुटेल असं. कृती लिहायला बसली आणि तिच्या मनात आलं, मिरचीला लाल रंग नाही द्यायचा तर काय निळा द्यायचा? तिने लाल रंगाची खूण उघडली. मिटवायची खूण आधी लिहायचा कंटाळा केला आणि मजकूर लिहीत सुटली. तेवढ्यात चुलीवरचं तेल करपल्याचा वास आला. ती पाटी तशीच टाकून उठली.

संध्याकाळी वेशीवर गेली, तर शिळेपाशी गर्दी. तिची कृती लाल होतीच, पण तिच्या खाली आलेलं बारशाचं आमंत्रण लाल, हरवलेली शेळी लाल, मिठाईवाल्याचे पेढेसुद्धा लाल! लोक हसत होते. मिठाईवाल्याचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं होतं.

"ही सगळी लोणचेवालीची करामत," कुणीतरी म्हणालं. "अख्खी शिळा मुरवलीन बाईने!"

तिला कळलं की आपली खूण उघडी राहिली आहे. एका तिरक्या रेघेचं काम होतं. पण तिने शिळेकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत सगळीकडे तिचाच रंग होता. राज्यातल्या प्रत्येक वेशीवर आत्ता तिचंच नाव निघत असेल. तिला ते बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

'उद्या मिटवू,' ती स्वतःशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने गाडी जुंपली. लोणच्यासाठी मीठ संपलं होतं, आणि चांगलं खडेमीठ नदीपलीकडच्या बाजारात मिळे. उन्हाळा असल्याने पाणी वरच्या बांधाआड अडवलेलं होतं आणि नदीचं पात्र कोरडं होतं. गाड्या वाळूतूनच पलीकडे जात. जाताना त्याने वेशीवर शिळेकडे बघितलं, हसला, आणि बैलांना हाक दिली. लोणचेवाली दारातून बघत होती. चांद्याने एकदा मान वळवली आणि गाडी दिसेनाशी झाली.

सूर्य थोडा वर आला तोच नदीच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला.

लोणचेवाली धावली. कोरड्या पात्रातून गढूळ पाणी लोंढ्याने चाललं होतं. काठालगतच्या कलिंगडाच्या वाड्या दिसत नव्हत्या, हिरवी कलिंगडं तेवढी पाण्यावर गिरक्या घेत वाहत होती. गाडीचं एक चाक तरंगत गेलं. तिने नवऱ्याला हाक मारली तेव्हा तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

नवरा खालच्या वळणावर सापडला. बाभळीला मिठी मारून बसला होता, अंगभर काटे रुतले होते. कोळ्यांनी दोर टाकून त्याला काठावर घेतलं. एक बैल पोहत किनाऱ्याला लागला होता आणि थरथरत उभा होता.

"चांद्या?" तिने विचारलं.

नवऱ्याने मान हलवली. "जू सोडवलं मी. त्याचा पाय चाकात अडकला होता गं. माझ्याकडे बघत होता."

एवढ्यात वरच्या बांधाचा राखणदार धापा टाकत आला. तो रडकुंडीला आला होता आणि संतापलाही होता.

"बांधाचं दार कुजलं होतं, ते बदलायचं म्हणून पाणी सोडायचं होतं. काल संध्याकाळीच शिळेवर लिहिलं होतं की मी! लाल अक्षरांत लिहिलं होतं! कुणी वाचत नाही का रे या गावात?"

मग काठावर पडलेला नवरा हळूच म्हणाला, "दिसलं होतं, दादा. लाल दिसलं होतं. मला वाटलं, हिचंच आहे."

तो रागावून बोलला असता तर तिला सोसलं असतं. तो साधेपणाने बोलला होता.

लोणचेवाली घरी गेली. पाटी उचलली आणि पदराआड धरून वेशीवर आली. आपल्या मजकुराच्या शेवटी तिने दोन चोची काढल्या, मध्ये तिरकी रेघ आणि रंगाचं नाव.

तत्क्षणी तिच्या कृतीखालची अक्षरं पुन्हा पांढरी झाली. बारसं पांढरं झालं, शेळी पांढरी झाली, पेढे पांढरे झाले. तिच्या कृतीखेरीज एकच मजकूर लाल राहिला. अगदी खाली, दोन ओळींचा, साध्या अक्षरांचा, खूण नीट उघडून नीट मिटवलेला: 'उद्या सकाळी बांधाचं पाणी सोडणार. नदीच्या पात्रात कुणीही उतरू नका.'

रात्रभर तो तिथेच होता. तिच्या रंगात बुडालेला. ती शिळेपाशी बसली आणि लेकरू गेल्यासारखी रडली.

म्हातारी परत आली तेव्हा तिला सगळं कळलं. ती रागावली नाही. लोणचेवालीजवळ बसली, आणि एवढंच म्हणाली, "विसरणं माणसाच्या हातून होतं गं."

"मी विसरले नव्हते, आजी," लोणचेवाली म्हणाली. "मला दिसलं होतं."

त्यानंतर तिने लिहिणं सोडलं नाही. सोडलं असतं तर सोपं होतं. तिच्या कृती पुन्हा साध्या झाल्या: वर मथळा, खाली यादी, आणि 'तेल पूर्ण गार करून ओता' तेवढं जाड. रोज सकाळी ती वेशीवर जाई, वरपासून खालपर्यंत शिळा वाची आणि कुणाची खूण उघडी राहिलेली दिसली की त्याच्या दारात जाऊन ती मिटवायला लावी. मिठाईवाला आधी कुरकुरे. पुढे तोही तिच्याबरोबर जाऊ लागला.

म्हातारी थकल्यावर नवीन माणसं लोणचेवालीकडेच शिकायला येत. ती त्यांना सगळं शिकवी, रंगसुद्धा. फक्त खूण उघडली की मिटवायची खूण आधी लिहायला लावी आणि मजकूर मग. कुणी म्हणे, "काकू, एवढी कसली घाई? शेवटी लिहितो की!"

तेव्हा ती अंगणाकडे बोट दाखवी. तिथे तिच्या नवऱ्याचा छकडा उभा असे, एकाच बैलाने ओढायचा.

आपला रंग आपल्या मजकुरापाशी मिटवावा, नाहीतर तो दुसऱ्याची हाक बुडवतो.