सूर्यावर धरलेली छत्री

“…आणि सूर्य जर साक्षात देव, तर देवासमोर डोकं झाकायचं कसं, बुवा?”

तपोभास्करने हे तिसऱ्यांदा विचारलं. दाजीबुवा चटई सरकवत होते.

कोकणातल्या त्या उघड्या जांभ्या कातळावर आदित्यनारायणाचं देऊळ आहे, शेजारी मठ, आणि मठासमोर एकुलतं एक काजूचं झाड. झाडाची सावली सरकली की मठाचे गुरू दाजीबुवा चटईसकट सरकत. सकाळी पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला. न चालता रोज अर्धी प्रदक्षिणा होते, असं ते सांगत.

त्यांच्या अंगात लांब बाह्यांचा सदरा असे आणि डोक्यावर एका भक्ताने दिलेली, क्रिकेटच्या पंचाची पांढरी, रुंद काठाची टोपी. पाहुणे आले की तपोभास्करला त्या टोपीची लाज वाटे.

तो स्वतः गोटा करून, उघड्या डोक्याने, भर दुपारी बारा ते दोन कातळावर बसे. अकरा वर्षं झाली.

आठ महिन्यांपूर्वी त्याच्या टाळूवर एक फोड उठला. फुटला, खपली धरली, खपली पडली, पुन्हा रक्त आलं. बरा होईना. तपोभास्करने तो प्रसाद मानला. रविवारी लोक रांग लावून त्याला फूल टेकवू लागले. कुणाला त्यात रथ दिसे, कुणाला घोडा. एका निवृत्त मास्तरांनी तर सातही घोडे मोजून दाखवले.

आज सकाळी ग्रामीण रुग्णालयाच्या नव्या डॉक्टर, गौतमी पेडणेकर, बुवांचे गुडघे बघायला आल्या होत्या. परदेशात शिकून वर्षापूर्वीच परतलेल्या. त्यांनी गुडघे राहू दिले आणि शिष्याचं डोकं बघितलं. पिशवीतून भिंग काढून पुन्हा बघितलं.

त्यांना घोडा दिसला नाही.

त्या म्हणाल्या, इतके महिने न भरणारा, रक्त येणारा फोड कर्करोगाचा असू शकतो. छोटा तुकडा काढून तपासायला हवा. तसा निघाला तर आज लहानशा शस्त्रक्रियेत भागेल, वर्षभराने भागेलच असं नाही. आणि दुपारचं उघड्या डोक्याने बसणं आजपासून बंद. आज दोनपर्यंत या, मी थांबते, असं सांगून त्या गेल्या.

तेव्हापासून तपोभास्कर बुवांच्या चटईमागे फिरत होता.

“बुवा, हे गोऱ्यांचे आजार. आपली कातडी उन्हातच जन्मली.”

“हे बाईंना सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मग?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की गोऱ्यांना जास्त होतो, आपल्याला कमी. पण कमी होतो म्हणजे होत नाही असं नाही, आणि तुमच्या फोडाला तुमचा रंग कुणी कळवलेला नाही.

“हुशार आहे पोरगी,” बुवा म्हणाले.

“म्हणजे मी तप सोडू?”

बुवांनी टोपी नीट केली.

“रथसप्तमीला पालखी निघते. तेव्हा तू काय करतोस?”

तपोभास्करचा चेहरा उजळला. पालखीत आदित्यनारायणाचा पितळी मुखवटा असतो आणि त्याच्यावर छत्र धरण्याचा मान सात वर्षं त्याचा होता. त्या मानापायी तो मठातल्या दुसऱ्या शिष्याशी एक अख्खा पावसाळा बोलला नव्हता.

“छत्र धरतो, बुवा.”

“कुणावर?”

“देवावर.”

“कुठल्या?”

“आदित्यनारायणावर. सूर्यावर.”

“कशासाठी रे?”

“ऊन लागू नये म्ह…”

…

कातळावर एक सरडा पडला होता. तोही उठून काजूखाली आला.

“तो मान असतो, बुवा,” तपोभास्कर घाईने म्हणाला. “उन्हाबिन्हाचा संबंध नाही. मान.”

“बरं. देवाला चालतो. तुला नको.”

एवढं बोलून बुवांनी टोपी काढून चटईवर ठेवली. झाडाच्या बुंध्याला धरून उठले, गुडघे चोळले आणि लंगडत जाऊन बरोबर तपोभास्करच्या जागेवर, तापलेल्या कातळावर, उघड्या डोक्याने बसले. बसताना एक शब्द उच्चारला. तो मठात लिहून ठेवण्यासारखा नव्हता.

तपोभास्कर धावला. सूर्याच्या बाजूला उभा राहिला, अंगावरचा पंचा दोन्ही हातांनी ताणून बुवांच्या डोक्यावर धरला.

“सरक,” बुवा म्हणाले. “माझ्या आणि देवाच्या मध्ये येऊ नकोस.”

“तुमचं डोकं भाजेल.”

“आणि तुझं?”

“मला सवय आहे.”

“तुला आहे. डोक्याला विचारलंस?”

तपोभास्करने पंचा खाली घेतला नाही. घाम नाकावरून ओघळून बुवांच्या सदऱ्यावर पडत होता.

…

“बुवा.”

“हं.”

“फोड काढला तर रविवारी कोण येईल?”

“कुणी नाही. मला झोप मिळेल.”

…

“आणि तुकडा तपासला… आणि ते वाईटच निघालं तर?”

बुवांनी पहिल्यांदा वर बघितलं. पंच्याच्या सावलीत ते शिष्याचा चेहरा बराच वेळ न्याहाळत राहिले.

“हे तू सकाळी का नाही विचारलंस?”

“सकाळी देवाचं निमित्त होतं.”

“मग चल आता. मला उठव आधी. खालून शिजलोय मी.”

शिष्याने त्यांना उठवलं. बुवांनी चटईवरची टोपी घेतली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. ती कानांपर्यंत उतरली. तपोभास्करने ती तशीच राहू दिली. उतारावरून रिक्षाच्या थांब्याकडे जाताना गुरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्याला ओळखलं नाही आणि बोट वर करून बाद दिल्याची खूण केली.

रुग्णालयात पोहोचले तेव्हा पावणेदोन झाले होते. डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग टोपीकडे, आणि केसपेपरच्या खिडकीकडे बोट केलं.

खिडकीत जाड चष्म्याची एक बाई बसली होती.

“नाव?”

“तपोभास्कर.”

“पूर्ण नाव.”

“श्री तपोभास्कर महाराज, आदित्यमठ.”

“अहो, तो पत्ता झाला. आईवडिलांनी काय ठेवलं होतं ते सांगा. मागे माणसं उभी आहेत.”

तपोभास्करने कानांवरची टोपी वर सरकवली. पेन कागदावर टेकवून बाई थांबून राहिली. मागे कुणीतरी खाकरलं.

त्याने वळून बुवांकडे बघितलं.

बुवा भिंतीलगतच्या बाकावर ऐसपैस बसले होते.

“सांग ना,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय.”