सोनचाफ्याखालची गप्प दुपार

समुद्रकाठी, नारळी-केळींच्या हिरव्यागार सावलीत वसलेल्या एका गावात तेकला नावाची चिमुरडी राहत होती. तिचे वडील होडी घेऊन समुद्रावर गेले, ते परत आलेच नाहीत. घरात आता ती आणि तिची आई रेजिना, दोघीच. आई पहाटे दुसऱ्यांच्या वाडीतला मोगरा खुडायची, मग चार घरची धुणीभांडी करायची, संध्याकाळी चर्च झाडायची आणि गजरे ओवता ओवता बसल्या जागीच झोपून जायची.

तेकलाही इवल्याशा हातांनी पाणी भरायची, कोंबड्यांना दाणे टाकायची, तांदूळ निवडायची. तिची प्रार्थनासुद्धा पळता पळताच व्हायची. "येशूबाळा, आईला सांभाळ, आमेन!" एवढं म्हणेपर्यंत कळशी भरून वाहू लागायची.

एकदा गावात चर्चचा सण आला. लाल, निळ्या, पिवळ्या पताका वाऱ्यावर फडफडू लागल्या. बँडवाले आले, भोंगे लागले. आई वेदी सजवायच्या कामात बुडून गेली होती. ती म्हणाली, "तेकला, पळ बाळा, पास्कूबाबांच्या वाडीच्या टोकाच्या सोनचाफ्याची फुलं आण. आणि लवकर ये हं!"

तेकला धावत गेली. झाडावर सोनेरी फुलं चांदण्यांसारखी लुकलुकत होती. एका फांदीवर कोळ्याचं जाळं होतं आणि जाळ्यात काहीतरी थरथरत होतं. फुलपाखरू असेल म्हणून ती जवळ गेली, तर काय! बोटाएवढी, दवासारखी लखलखती एक परी! तिचा मोरपंखी पंख जाळ्यात गुंतला होता.

घाई असूनही तेकला थांबली. एकेक धागा तिने हलकेच सोडवला. पंखाला जरासुद्धा इजा होऊ दिली नाही.

"किती मऊ हात आहेत गं तुझे," परी म्हणाली. "माग, तुला काय हवं ते."

तेकलाला विचार करावाच लागला नाही. "माझी आई एकदा तरी माझ्याजवळ निवांत बसावी. हातात काही काम न घेता."

परीचे डोळे पाणावले. "तुझी इच्छा मी वर पोहोचवीन. पण एक अट आहे. ही चाफ्याची कळी उमलेपर्यंत या झाडाखाली बसून राहायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही. उठलीस तर कळी गळून पडेल."

"आणि प्रार्थना?"

"देवाशी तू रोज बोलतेस, राणी. आज त्याचं ऐक." एवढं बोलून परी पानाआड झाली.

तेकला बसली. आधी तिच्या डोक्यातच केवढा गलका! पाणी भरायचंय, फुलं न्यायचीत, आई रागवेल! मग हळूहळू सगळं शांत होत गेलं. तिला मधमाशीची गुणगुण ऐकू आली, केळीच्या पानांची सळसळ ऐकू आली. आपण एकट्या नाही, कुणीतरी मायेने आपल्याशेजारी बसलंय असं तिला वाटलं. कळीच्या टोकाशी सोनेरी रेघ दिसू लागली.

आणि तेवढ्यात, अगदी क्षीण आवाज आला. "कुणी... आहे का?"

तेकलाने कळीकडे पाहिलं. आता उमलणारच होती ती! पण तेकला उठली. टप्पकन कळी तिच्या पायाशी पडली.

"कोण आहे? कुठे आहात?" तिने हाका मारल्या. इतक्यात भोंगा सुरू झाला आणि तो आवाज बुडून गेला. केळींच्या त्या दाट रानात शोधायचं तरी कुठे? ती थेट चर्चकडे धावली.

"आत्ता नको गं तेकला!" जो तो म्हणाला. शेवटी तिने फादर ज्योकिमचा झगाच धरला. "फादर, सगळ्यांना थोडा वेळ गप्प राहायला सांगा ना! वाडीत कुणीतरी हाक मारतंय!"

फादरनी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि हात वर केला. भोंगा थांबला, बँड थांबला. सगळी माणसं तेकलाच्या मागोमाग वाडीपाशी येऊन श्वास रोखून उभी राहिली.

"अरे... कुणी आहे का रे?"

"पास्कूबाबा!" आई ओरडली आणि सगळे धावले. एकटे राहणारे म्हातारे पास्कूबाबा सकाळपासून विहिरीमागच्या खोल चरात पाय मोडून पडले होते. लोकांनी त्यांना अलगद उचललं. तेकलाने त्यांच्या सुकलेल्या ओठांना पाणी लावलं.

त्या संध्याकाळी फादरनी प्रवचन दिलं नाही. "आज आपण नुसते शांत बसू," ते म्हणाले. चर्चभर मेणबत्त्या तेवत राहिल्या आणि कुणालाच घरी जायची घाई झाली नाही.

पास्कूबाबांनी मग रेजिनाला बोलावलं. "पोरी, माझ्याने आता वाडी होत नाही. अर्धी वाडी आजपासून तुझी. आणि तुमच्या घरची पेज मला रोज पाठव म्हणजे झालं." आईने त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

त्या दिवसापासून दुसऱ्यांची धुणीभांडी सुटली. एका दुपारी तेकला सोनचाफ्याखाली बसली होती. आई आली, हात पदराला पुसून तिच्याजवळ टेकली आणि तिचा चेहरा ओंजळीत धरून बघतच राहिली.

"अगं, तुझा हा दात कधी पडला?"

"कधीच पडला, आई!" तेकला बोळकं पसरून खुदकन हसली. आईने तिला घट्ट जवळ घेतलं.

फांदीवर परी बसली होती. तेकलाने डोळ्यांनीच विचारलं, "पण मी तर उठले होते!"

"तू ऐकलंस," परी कुजबुजली, "आणि त्या हाकेला धावलीस. मी निरोप पोहोचवला तेव्हा वर सगळं आधीच ठाऊक होतं." मग तिच्या पंखांतून मऊ, केशरी उजेड झरू लागला. तो पानापानांवर सांडला, मायलेकींच्या केसांवर उतरला आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

खाली दोघी बसल्या होत्या, एकमेकींना टेकून, अगदी गप्प.