सशाची पाहणी

मुलांनो, एका जंगलात भर उन्हाळ्यात पाण्याला एकच जागा उरे : नदीच्या पात्रातला डोह. एका वर्षी पलीकडच्या डोंगराला वणवा लागला आणि तिकडची रानडुकरं पिल्लं घेऊन या जंगलात आली. आधी कोणी काही बोललं नाही. पण ऊन तापलं, डोह रोज बोटभर खाली जाऊ लागला आणि सगळ्यांच्या नजरा डुकरांकडे वळल्या.

म्होरक्या सांबराने सशाला पाहणी करायला सांगितलं. ससा हुशार खरा, पण ते जगाला ऐकवायची त्याला भारी हौस! पाच दिवस तो डोहाकाठच्या जांभळीखाली बसला, पाण्यावर येणारं एकेक तोंड त्याने मोजलं आणि मिशा फेंदारून म्हणाला, "दादा, डुकरं नव्हती तेव्हा पाणी होतं. डुकरं आली, पाणी आटलं. आणखी काय सांगू?"

"अरे, पण ती डोहाच्या वरच्या अंगाच्या वाळूत दिवसभर काय करतात, ते पाहिलंस का?" टिटवीने विचारलं. "माझी अंडी तुडवली त्यांनी. माझा राग आहेच. तरी सांगते, आधी तिकडे जाऊन बघ."

"मला पाण्याचं विचारलंय, वाळूचं नाही," ससा फणकारला.

त्याच संध्याकाळी सांबरांनी शिंगं रोखून डुकरांना जंगलाच्या हद्दीवरच्या नाल्यापार हाकललं. एक डुकरीण काकुळतीला आली, "दादा, माझ्या धाकट्याचा पाय भाजलाय. त्याला चालवत नाही हो." सांबराने मान फिरवली. बाकीचा कळप दूर निघून गेला. ती मात्र पिल्लाला घेऊन नाल्यापलीकडेच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी डोह हातभर उतरला. तिसऱ्या दिवशी तळाचा चिखल दिसला. सशाची दोन्ही पिल्लं माना टाकून पडली. ससा घाबराघुबरा होऊन वरच्या वाळूकडे धावला. तिथे डुकरांनी उकरलेले खड्डे पुन्हा वाळूने भरत आले होते. यंदा तिथले झरे वाळूने बुजले होते. डुकरं कंदांसाठी रोज तिथे उकरत, म्हणून तर डोहात पाणी झिरपत होतं! सशाने पंजे रक्ताळेपर्यंत उकरलं, पण काढली तेवढी वाळू पुन्हा आत आली.

तो तसाच नाल्यापार गेला. "ताई, माझं चुकलं गं! वरची वाळू उकरायला चल, नाहीतर माझी पोरं मरतील."

"माझंही पोर दोन दिवस कोरडे ओठ चाटतंय," डुकरीण म्हणाली. मग पिल्लाला ढकलत ढकलत तिने नाला ओलांडला. "आधी हा पिईल." सांबर बाजूला झालं. चिखलातलं उरलंसुरलं पाणी पिल्लू प्यायलं. मग डुकरिणीने ज्या तोंडाने गयावया केली होती, तेच वाळूत खुपसलं.

दिवस कलता कलता डोहात बारीकशी धार आली. सशाची पिल्लं वाचली. पण एकटीच्या उकरण्याने पाणी येऊन येऊन किती येणार? तो उन्हाळा सगळ्या जंगलाने अपुऱ्या पाण्यावर काढला. गेलेला कळप परत आलाच नाही.

तात्पर्य : बाहेरून आलेला काय घेतो, एवढंच बसल्या जागेवरून मोजू नये, तो काय देतो, तेही उठून पाहून यावं, आणि त्याला हाकलण्याआधी पाहून यावं.