लोणच्याशेजारची पांढरी

बाटल्या बोलायच्या आणि माणसं त्यांचं ऐकायची नाहीत, त्या काळातली गोष्ट. नाशिकच्या खैरनारांकडे वाइनच्या दोन बाटल्या भेट आल्या. महागड्या लालला त्यांनी दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, ट्रॉफ्यांच्या मधोमध, भर उन्हात उभं केलं. स्वस्तातल्या पांढरीला अंधाऱ्या, गार कोठीत लिंबाच्या लोणच्यामागे आडवं ढकललं.

"आंबट कुठली!" लाल शोकेसमधूनच हिणवत ओरडली. "तुला मोरीतच ओतणार. मी मोठ्या पाहुण्यांसाठी आहे."

पांढरी मुसमुसू लागली. तशी लोणच्याची बरणी खेकसली, "गप पडून राहा गं! मीही आंबटच आहे. मला कोणी ओतलं का मोरीत?"

पाहुणे येत गेले, पण लालच्या तोलामोलाचा एकही खैरनारांना वाटेना. अखेर कित्येक वर्षांनी लेकीचं लग्न ठरलं आणि व्याही घरी आले. खैरनारांनी ऐटीत लाल उघडली.

व्याह्यांनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "छान आहे," ते कसंबसं म्हणाले. "खिडक्या पुसायला."

खैरनारकाकूंनी धावत जाऊन कोठीतून पांढरी आणली. ती सोन्यासारखी पिवळी झाली होती आणि तिला मधाचा वास येत होता. व्याह्यांनी दुसऱ्यांदा पेला पुढे केला.

"खास तुमच्यासाठीच जपली होती," खैरनार बेधडक म्हणाले.

व्हिनेगर झालेल्या लालमध्ये काकूंनी कांद्याचे काप बुडवले आणि ती बाटली कोठीत नेऊन ठेवली. बरणी जरा सरकली.

"ये बाई," ती म्हणाली. "आता आंबट झालीस ना? आता टिकशील."